‘मी वर सांगितलं होतं’ एवढ्याने सुटका होत नाही: शाळा, वसतिगृह, अकादमीत नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

शाळेत शिक्षक, वसतिगृहात गृहपाल, क्रीडा अकादमीत प्रशिक्षक, पाळणाघरात मावशी किंवा एखाद्या संस्थेवर विश्वस्त म्हणून नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात हजेरीपट, रजेचे नियम, चाव्या कुठे ठेवायच्या हे सगळं समजावून सांगतात. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कानावर आलं तर काय करायचं, हे मात्र बहुतेक ठिकाणी कुणी सांगत नाही. सांगितलंच तर एवढंच: ‘काही वाटलं तर आधी मुख्याध्यापकांच्या कानावर घाला, बाकी संस्था बघेल.’ या सल्ल्यावर विसंबून राहिलेली माणसं पुढे आरोपी होऊ शकतात, आणि मूल त्याच इमारतीत त्याच माणसासमोर रोज जात राहतं.

हा लेख महाराष्ट्रातल्या संस्थांपुरता आहे. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पोक्सो कायदा देशभर एकच असल्याने बराचसा भाग इतरत्रही लागू पडेल. गोव्यात याशिवाय २००३ चा स्वतंत्र बालकायदा आहे, तिथे काम करणाऱ्यांनी तोही वाचावा.

आधी एवढं पक्कं करा

बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, म्हणजेच पोक्सो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालचा मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही त्याचं संरक्षण आहे. कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडेल अशी धास्ती वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीने ती विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना द्यायची आहे. हुद्द्याची अट नाही. शिपाई, स्वयंपाकीण, व्हॅनचालक, समुपदेशक, डॉक्टर, ट्रस्टचे अध्यक्ष, सगळे यात येतात. आणि कळवायचं पोलिसांना. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, शिक्षणाधिकारी किंवा प्रकल्प अधिकारी यांना सांगणं खात्याच्या शिस्तीचा भाग असेल, पण कलम १९ त्याने पाळलं जात नाही.

न कळवल्याची शिक्षा कलम २१ मध्ये आहे. साधारण व्यक्तीला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी माहिती मिळूनही नोंद केली नाही, तर त्यांनाही सहा महिन्यांपर्यंतची तीच शिक्षा आहे. हे पोलिस ठाण्यात जाताना लक्षात असू द्या. न कळवल्याबद्दल मुलाला मात्र शिक्षा होत नाही.

एक गैरसमज फार पसरलेला आहे, की संस्थेला कळवायला चोवीस तास मिळतात. पोक्सोमधले चोवीस तास पोलिसांसाठी आहेत: त्यांना या मुदतीत बाल कल्याण समितीला (मुलांच्या काळजी-संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) आणि पोक्सोचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. तुम्हाला कलमाने मुदतच दिलेली नाही, म्हणजे कळलं की कळवायचं. ‘आधी आपण शहानिशा करू’ म्हणत गेलेले चार दिवस न्यायालयात लपवाछपवी म्हणून उभे राहतात.

दुसरा गैरसमज पुराव्याचा. पुरावा गोळा करणं तपास अधिकाऱ्याचं काम आहे. सद्भावनेने दिलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी कलम १९ च्या सातव्या पोटकलमानुसार तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा देणारं कलम २२ आहे, पण ते मुद्दाम बदनामी, खंडणी, धमकी अशा हेतूने केलेल्या तक्रारीसाठी आहे. संस्थाचालक नेमकं तेच कलम दाखवून घाबरवतात.

पायरी पहिली: काही घडण्याआधी, रुजू होताना

पोक्सो नियम २०२० नुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी वेळोवेळी करायची असते आणि बालसंरक्षण धोरण अमलात आणायचं असतं. शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या सगळे यात येतात. ते धोरण मागा. ‘फाइलमध्ये आहे’ असं उत्तर आलं तर फाइल मागा. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तिचे सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, विचारा. नव्या माणसाने असे प्रश्न विचारले की कपाळावर आठ्या पडतात. पडू द्या.

कंत्राटी माणसांची पडताळणी कुणी केली, हा त्यातला सर्वात नाजूक प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला, त्यातला आरोपी कंत्राटदारामार्फत आलेला सफाई कामगार होता. सफाई, सुरक्षा, बस, स्वयंपाक ही कामं बाहेर दिली की कागदावर माणूस कंत्राटदाराचा होतो, आणि मुलांच्या स्वच्छतागृहाबाहेर तर तोच उभा असतो.

आपल्या पोलिस ठाण्याचा फोन, जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता आणि बाल कल्याण समिती कुठे बसते हे पहिल्याच महिन्यात वहीत लिहून ठेवा. घटना घडल्यावर शोधाशोध करताना तुमच्या शेजारी ‘जरा थांबा’ म्हणणारा कुणीतरी असतोच.

पायरी दुसरी: मूल बोलू लागलं की

ऐका, आणि कमी विचारा. ‘मग काय झालं?’ इतपत पुरे. ‘त्याने इथे हात लावला का, की तिथे?’ असे प्रश्न विचारले की उत्तरं तुमची होतात आणि पुढे बचावपक्षाचा वकील त्यावरच बोट ठेवतो. मूल जे शब्द वापरतं तेच ठेवा. पाच वर्षांच्या मुलीने ‘दादाने शूच्या जागी टोचलं’ म्हटलं असेल तर टिपणात तेच यावं. तुमची प्रमाण मराठी किंवा वैद्यकीय संज्ञा नको.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस, आता तुला मदत करणाऱ्या माणसांना मी हे सांगणार आहे’ एवढं खरं आहे, तेवढंच बोला.

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो: मुलाला मुख्याध्यापकांच्या खोलीत नेतात, तिथे पुन्हा सगळं सांगायला लावतात, मग पर्यवेक्षक येतात, पुन्हा तेच, मग ज्याचं नाव घेतलं त्याला बोलावून ‘समोरासमोर’ करतात. हे कधीही होऊ देऊ नका. विशेष न्यायालयातही मूल आरोपीच्या नजरेस पडणार नाही याची काळजी कायद्याने घ्यायला लावली आहे. शाळेच्या केबिनमध्ये ती मोडायचा अधिकार कुणालाही नाही.

पालकांना लगेच बोलवा. अपवाद एकच: आरोप घरातल्याच माणसावर असेल तर आधी पोलिस. मुलाला त्या घरी परत पाठवणं सुरक्षित आहे का, हे पोलिस आणि बाल कल्याण समिती पाहील.

पायरी तिसरी: लिहा

मुलाशी बोलणं संपलं की त्याच दिवशी टिपण लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, मूल काय म्हणालं, तुम्ही काय म्हणालात. स्वतःचं मत नको, ‘मुलगी चलाख आहे’ किंवा ‘घरचं वातावरण ठीक नाही’ असली विशेषणं तर अजिबात नकोत. खाली सही. एक प्रत स्वतःकडे, घरी.

हे टिपण इतकं महत्त्वाचं का, तर कलम २१ चा सगळा खटला एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कुणाला, कधी माहीत होतं? संस्थेच्या वरच्या पायरीवर बसलेला माणूस नेहमी म्हणतो, ‘आमच्यापर्यंत आलंच नाही.’ तुम्ही तोंडी सांगितलेलं असतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं पाडायला काही नसतं आणि जबाबदारी घरंगळत खाली येऊन वर्गशिक्षिकेवर किंवा मावशींवर थांबते. मुख्याध्यापकांना कळवायचं असेल तर लेखी कळवा, ‘मी पोलिसांना माहिती देत आहे’ असं स्पष्ट लिहा, आवक क्रमांक आणि पोच घ्या. पोच दिली नाही तर त्याच मजकुराचा ईमेल करा. परवानगी मागू नका, माहिती द्या. पोच घेतलेल्या त्या कागदानंतर संस्थाचालकाला ‘माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही.

त्याच पत्रात सीसीटीव्हीचं चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणी करा. बहुतेक यंत्रांत जुन्यावर नवं चढत जातं आणि काही दिवसांत हवं ते पुसलं जातं. बदलापूरलाही चित्रीकरणाचा प्रश्न निघाला होता.

पायरी चौथी: पोलिसांकडे

११२ वर फोन करता येतो, १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, आणि थेट ठाण्यात जाता येतं. १०९८ वर फोन केलात तरी पोलिस ठाण्याला लेखी माहिती द्याच, कारण कलमात नाव पोलिसांचं आहे.

माहितीची लेखी नोंद करून तिला क्रमांक देणं आणि ती तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नोंदीचा क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडली असेल तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. बदलापूरच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळत बसावं लागलं, त्यावरून लोक रेल्वे रुळांवर उतरले आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

ठाण्यात दाद लागली नाही तर पोलिस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी तक्रार पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. सोबत बलात्कार किंवा विनयभंगाची कलमं लागत असतील, तर गुन्हा न नोंदवणाऱ्या पोलिस अधिकाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. ठाणे अंमलदारासमोर हे शांतपणे उच्चारलं की कधीकधी वही उघडते.

दवाखाना

उपचारासाठी एफआयआरची वाट पाहायची नसते. रुग्णालयाला आधी पोलिसांचा कागद मागता येत नाही. उपचार सरकारी आणि खासगी दोन्हीकडे मोफत. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने, मुलाच्या विश्वासातल्या माणसासमोर. कपडे धुऊ नयेत, कागदी पिशवीत ठेवून सोबत न्यावेत.

पायरी पाचवी: ‘प्रकरण मिटवा’ म्हणणारे आले की

येतातच. संस्थेचं नाव, अनुदान, पुढच्या वर्षीचे प्रवेश, ‘मुलीचं लग्न कसं होईल’, आणि शेवटी ‘त्या माणसाला आम्ही काढून टाकलंय, आता कशाला?’ हे शेवटचं वाक्य सर्वात घातक, कारण काढलेला माणूस पुढच्या गावातल्या शाळेत रुजू होतो. राजीनामा घेणं, बदली करणं, माफीनामा लिहून घेणं यातलं काहीही कळवण्याच्या कर्तव्याची जागा घेत नाही. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समितीकडे प्रकरण देऊन पोलिस टाळण्याची पळवाटही दिसते. ती समिती कामाच्या ठिकाणच्या महिलांसाठी आहे, तिच्या चौकशीने पोक्सोखालचं कर्तव्य संपत नाही.

पालकांनी तडजोड लिहून दिली म्हणूनही सुटका नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाविरुद्धचा गुन्हा तिथल्या उच्च न्यायालयाने अशाच तडजोडीवरून रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तो आदेश बाजूला सारून खटला पुन्हा जिवंत केला.

तुमच्या नोकरीचं काय, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर पूर्ण समाधानकारक नाही. कलम १९ तुम्हाला खटल्यापासून वाचवतं, नोकरी वाचवण्याची तरतूद त्यात नाही. मान्यताप्राप्त खासगी शाळेतल्या कर्मचाऱ्याला सेवेतून काढलं तर १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याखाली तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करता येतं, आणि तिथे तुमचं ते तारीखवार टिपण कामाला येतं. तासिका तत्त्वावरच्या किंवा कंत्राटी माणसाची बाजू त्याहून कमकुवत आहे. त्यांनी एकट्याने जाऊ नये. दोन सहकाऱ्यांनी मिळून सही केलेलं पत्र संस्थेला जास्त जड जातं.

मग शेवटी जबाबदार कोण?

राजुऱ्याचं प्रकरण नीट समजून घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या गावात एका शाळेच्या वसतिगृहातल्या अल्पवयीन आदिवासी मुलींवरचे अत्याचार २०१९ मध्ये उघडकीस आले. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करायला नेमलेल्या डॉक्टरला माहिती असूनही त्याने पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यापुरता गुन्हा रद्द केला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो आदेश उलटला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेकदा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे बाहेरून येऊन तपासून जाणारा डॉक्टरही ‘मी संस्थेचा नाही’ म्हणून मोकळा होत नाही.

त्याआधी २०१३ मध्ये, महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने शाळा, बालगृहं, वसतिगृहं यांच्या प्रमुखांनी आणि रुग्णालयांनी असे प्रकार गुप्तता राखून पोलिसांना कळवलेच पाहिजेत असे निर्देश दिले होते. तरीही बदलापुरात शाळेवर न कळवल्याचा गुन्हा का नोंदवला नाही, हे उच्च न्यायालयाला विचारावं लागलं. शाळेचे अध्यक्ष आणि सचिव अटक झाले ते २ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे मुख्य आरोपीच्या अटकेनंतर दीड महिन्याने. मधल्या काळात तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला होता. लोकांचा सगळा संताप एका माणसावर गेला, आणि ज्यांनी तोंड बंद ठेवल्याचा आरोप होता त्यांच्यापर्यंत कायदा शेवटी पोचला. माझ्या मते हेच आपल्याकडचं दुखणं आहे: अत्याचार करणाऱ्याला फाशी मागायला गर्दी जमते, कळवलं नाही म्हणून विश्वस्तांना एक वर्ष द्या असं म्हणायला कुणी येत नाही.

कलम २१ च्या मांडणीत एक बारकावा आहे. एक वर्षाची जास्त शिक्षा ‘हाताखालच्या’ माणसाच्या गुन्ह्यासाठी आहे. आरोपी मोठ्या वर्गातला विद्यार्थी किंवा एखादा पालक असेल, तर प्रमुखालाही साध्या माणसाचीच सहा महिन्यांची तरतूद लागते. कंत्राटदाराचा माणूस ‘हाताखालचा’ की नाही, यावरही वकील भांडणारच.

तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेचं काय? बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात जे चाललं होतं, ते मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गटाने केलेल्या पाहणीतून २०१८ मध्ये बाहेर आलं. बालिकागृह सरकारी पैशावर चालत होतं. भेटी देऊन ‘सर्व ठीक’ शेरा मारणारा अधिकारीही कलम १९ मधली ‘कोणतीही व्यक्ती’ आहे, हे आपल्याकडच्या आश्रमशाळा तपासणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावं.

सक्तीच्या कळवण्याला खरी अडचणीची बाजूही आहे. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या संबंधाबद्दल समुपदेशकाशी बोलते, तेव्हाही कायदा कळवायलाच सांगतो. म्हणून मुली बोलायच्या थांबतात. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीची ओळख डॉक्टरने पोलिसांना उघड करायची गरज नाही, एवढी सवलत सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ च्या निकालात दिली. समुपदेशकांना तशी सवलत नाही. त्यांनी पहिल्याच भेटीत मुलाला समजेल अशा भाषेत सांगावं की कोणती गोष्ट आपल्यापाशी राहू शकत नाही.

आणि एक फरक: छडीने मारणं, उपाशी ठेवणं हे पोक्सोत येत नाही. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे. तक्रार जरूर करा, पण कलम १९ ची सक्ती लैंगिक गुन्ह्यांपुरती आहे.

पायरी सहावी: कळवून झाल्यावर

मुलाचं नाव, फोटो, वर्ग, घराचा पत्ता कुठेही जाऊ देऊ नका. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘अमुक वर्गातली अमुक’ एवढं टाकलं तरी ओळख फुटते, आणि ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा आहे. आपल्या शाळेचं नाव राखायला म्हणून पत्रकाराला ‘खरी बाजू’ सांगणारे इथेच फसतात.

बाल कल्याण समितीकडे सहायक व्यक्ती मागता येते, जी तपासापासून निकालापर्यंत मुलासोबत राहते. पालकांना याची कल्पना नसते, तुम्ही सांगा. अत्याचार झालेल्या महिला आणि मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून अर्थसाहाय्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगा. मूल शाळेत परत येईल तेव्हा त्याचा बाक, त्याची मैत्रीण, त्याची बस शक्य तितकी तीच राहू द्या. दाखला हातात देऊन ‘दुसरी शाळा बघा’ म्हणणं हा संस्थेने केलेला दुसरा अन्याय असतो.

तुम्हाला साक्षीचं समन्स येईल. खटला वर्षभरात संपवावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागू शकतो, तोवर तुमची बदलीही झालेली असेल. जुन्या शाळेला पत्ता आणि फोन कळवून ठेवा, तपास अधिकाऱ्याचं नाव आणि गुन्हा क्रमांक जपा. कोर्टात जाण्याआधी सरकारी वकिलांना भेटून तुमचं टिपण आणि पोच त्यांना दाखवा.